कपाशीच्या वावरात रोज वापरायला ओलिम्पस टीजी-6 घ्यावा का?

कृषीसखी_घाटंजी

नमस्कार मंडळी. मी घाटंजी तालुक्यात कृषी सखी म्हणून काम करते. घरची सहा एकर कपाशी, मधात तूर. आपलं वावर झालं की गटातल्या बायांच्या वावरात फिरायचं, पानं उलटून पाहायची, कीड दिसली की फोटो काढून कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना पाठवायचा. आतापर्यंत हे सगळं फोनवर चाललं, पण श्रावणात फोन कामाचा राहत नाही. बोटं ओली असली की स्क्रीन ऐकत नाही, वरून थेंब पडला की भलतंच काही उघडते. जवळून काढायला जावं तर पानाच्या शिरा स्वच्छ येतात आणि पाहिजे तो फुलकिडा पुसट. मागच्या वर्षी साधा झूमवाला डिजिटल कॅमेरा घेतला होता. वेचणीच्या दिवसांत त्याच्या पुढच्या नळीत धूळ गेली, नळी अर्ध्यात अडकली ती अडकलीच.

आता नागपूरच्या भाच्याचा टीजी-6, म्हणजे ओलिम्पसचा पाणी-धूळ सोसणारा छोटा कॅमेरा, वीस दिवसांपासून माझ्याकडे आहे. तो 22,000 रुपयांत द्यायला तयार आहे. माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही, म्हणून विचारते.

चांगलं आधी सांगते. परवा एक डोमकळी, म्हणजे आत गुलाबी बोंडअळी शिरलेलं कपाशीचं फूल, उघडली. वरून गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली, पाकळ्या आतून जाळीने बांधलेल्या. मायक्रोस्कोप मोड लावला आणि काच अळीपासून जेमतेम 1 सेंटीमीटरवर नेली. अळी अजून पांढुरकीच होती, डोकं तपकिरी, आणि पाकळीला चिकटलेले परागकण सुटे सुटे मोजता येतील असे दिसत होते. हा फोटो मी सुमनकाकूंना बांधावरच दाखवला. दोन वर्षांपासून मी त्यांना डोमकळ्या तोडून नष्ट करा म्हणत होते, त्या दिवशी त्यांनी स्वतः टोपली घेतली. हातात चिखल असताना बटणं दाबता येतात, मग कॅमेराच नळाखाली धुवायचा, हे मला फार आवडलं.

अडचण अशी की तान्ह्या पोळ्याला संध्याकाळी मारुतीच्या पारावर पोरांचे लाकडी बैल घेऊन फोटो काढले. चेहरे मेण फासल्यासारखे आले. शेजारच्या पोराच्या फोनमध्ये तेच चेहरे छान. दुसरं, इतक्या जवळून काढताना कॅमेऱ्याची सावली किडीवरच पडते. मला पिकांचे फोटो आणि घरचे-गावचे फोटो, दोन्ही काढायचे आहेत. रोजच्या वापराला हा एकच कॅमेरा पुरेल का? आणि वापरलेला घेताना काय तपासू?

वर्धेचा_स्टुडिओवाला

ताई, पंचवीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, म्हणून पारावरच्या फोटोंबद्दल आधी बोलतो. दोष तुमच्या हाताचा नाही. या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा आतला भाग, 1/2.33 इंची, म्हणजे साधारण 6 बाय 4.5 मिलिमीटर, तुरीच्या दाण्याएवढा समजा. अंधार पडला की तो दाणेदार चित्र देतो, आणि कॅमेरा ते दाणे पुसायला जातो तेव्हा चेहऱ्याचे बारकावेही पुसले जातात. फोनचा सेन्सरही लहानच असतो, पण फोन एकावर एक अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो.

एक सवय मात्र लावून घ्या. संध्याकाळी झूम करायचाच नाही. झूम न करता लेन्स एफ 2.0 वर उघडते, पूर्ण झूमवर एफ 4.9. म्हणजे आत येणारा प्रकाश सहाव्या हिश्श्यावर येतो. पोळ्याला तुम्ही लांब उभ्या राहून झूम केला असणार. पोरांच्या जवळ जाऊन बसा, फरक दिसेल. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न सुधारलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढून संगणकावर थोडं सावरता येतं, पण रोज ते करायला वेळ कोणाकडे आहे.

सावलीवर खरा इलाज आहे. एलजी-1 नावाची प्लास्टिकची कडी मिळते, लेन्सभोवती बसते आणि कॅमेऱ्याचाच एलईडी उजेड चारही बाजूंनी किडीवर टाकते. वेगळी बॅटरी लागत नाही. तुमच्या कामासाठी कॅमेऱ्याआधी या कडीचे पैसे बाजूला काढा, असं मी म्हणेन. फोकस स्टॅकिंगही आहे, वेगवेगळ्या अंतरावरचे फोटो जोडून अळी डोक्यापासून शेपटीपर्यंत स्पष्ट येते. पण वाऱ्यात पान हललं की ते बिघडते, तेव्हा पान तोडून घरी ओट्यावर ठेवा.

आणि मे महिन्यात जपा. कंपनीने वापरासाठी 40 अंशांपर्यंतच सांगितलंय. आपल्याकडचा पारा तुम्हाला माहीत आहे. गाडीच्या डिक्कीत दुपारी ठेवू नका.

पैनगंगा_काठ

ताई, मी पुसदकडचा. माह्याजवळ टीजी-5 व्हता, चार वर्सं वापरला. नदीत बुडवला, बैलगाडीतून पडला, काई झालं नाई. अन् मंग साध्या पावसात गेला! काहून गेला ते सांगतो, तुमच्या कामी येईन.

सीतादहीच्या दिवशी, म्हंजे कापूस येचणीच्या सुरवातीच्या पूजेले, वावरातच बॅटरी बदलली. बोटाले रुई लागेल व्हती. तिचा एक तंतू दाराच्या रबरी पॅकिंगवर राह्यला. डोळ्याले दिसत नाई असा. परतीचा पाऊस आला, त्या तंतूच्या बाजूनं पाणी आत झिरपलं. घरी येऊन दार उघडलं त बॅटरीच्या टोकाले हिरवं लागेल. दुरुस्तीवाल्यानं हात वर केले.

म्हणून वावरात दार उघडाचंच नाई. घरूनच बॅटरी भरून न्या. कंपनी वर्साले पॅकिंग बदलाले सांगते, ते मी कधीच केलं नाई. तुमच्या भाच्यानं कधी बदलून आणलं का, ते पयले इचारा. कॅमेऱ्याले दोन दारं हायेत, दोन्ही पाहा. बॅटरी अन् कार्ड काढून आत टिश्यू पेपरची कोरडी पट्टी ठेवा, दारं लॉक करा, अन् पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवा. भायेरून नीट पुसून मंगच उघडा. पट्टी ओली निघाली त घेऊ नोका. ही 15 मीटर खोल पाण्याची परीक्षा नव्हे, पण तुमाले कुठं डुबकी माराची हाय. पावसाले टिकते का, एवढं समजते.

तुरीची_डाळ

22 हजारांत चांगला नवा फोन येईल आणि वर क्लिपवाली मॅक्रो लेन्स दोन-चारशेत. एकच वस्तू सांभाळायची. मी तरी कॅमेरा घेणार नाही.

कृषीसखी_घाटंजी

तुरीची_डाळ, क्लिपवाली लेन्स मी दोन हंगाम वापरली. कोरड्या दिवशी ठीक आहे. पण धुऱ्यावर वाकलं की ती सरकते, आणि ओल्या बोटांचा प्रश्न तिथेच राहतो. माझ्या फोनवर बँकेचे मेसेज येतात, गटाचा हिशेब आहे. तो फोन पावसात, चिखलात बाहेर काढायची मला रोज भीती वाटते. कॅमेरा पडला तर फोटो जातील, हिशेब जाणार नाही.

स्टुडिओवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. पोळ्याचे फोटो उघडून पाहिले, सगळे पूर्ण झूमवरचे. काल चुलीजवळ आजीचा फोटो झूम न करता, हातभरावरून काढला. कपाळावरचं गोंदण ओळखू येते. दाणे आहेत, पण चेहरा आजीचाच आहे. तरी रात्रीच्या कार्यक्रमाला फोनच नेईन.

पैनगंगाकाठचे भाऊ, तुमचं वाचून रात्रीच टॉर्च घेऊन बसले. भाच्याला फोन केला, पॅकिंग एकदाही बदललं नाही म्हणाला. कनेक्टरच्या दाराचं पॅकिंग स्वच्छ. बॅटरीच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात मात्र एक पांढरा तंतू आडवा पडला होता. तो माझ्याच वावरातला असणार, कारण सरकी भरलेल्या खोलीत मीच बॅटरी बदलली होती. वीस दिवस त्याच कॅमेऱ्याला मी नळाखाली धरत होते. ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने काढला, मग बादलीची परीक्षा घेतली. पट्टी कोरडी निघाली.

भाच्याशी बोलणं झालं. पॅकिंग बदलून आणायचा खर्च तो करणार, मी 21,000 देणार, आणि एलजी-1 मी वेगळी मागवते आहे. पॅकिंग बदलून येईपर्यंत पावसात कॅमेरा पिशवीतच राहील. बॅटरी बदलायची जागा ठरवली आहे: देवघराजवळचा ओटा, हात धुऊन. तिथे कापूस येत नाही.