मदत हवी आहे: चुकीच्या बिलापायी मावशींची वीज तोडली जाऊ नये म्हणून काय करावे?

आमच्याकडे गेली नऊ वर्षे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पुण्यातल्या एका वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत राहतात. ‘बुधवारपर्यंत बिल भरा, नाहीतर वायर काढून नेतो’ असे वायरमन शनिवारी सांगून गेला असल्यामुळे जाणकारांनी कृपया लवकर मार्ग सुचवावा.

मावशींनी बिलांची प्लॅस्टिकची पिशवी माझ्यापुढे उपडी केली, तेव्हा लागोपाठ पाच बिलांवर चालू रीडिंगच्या जागी ‘लॉक्ड’ छापलेले आणि मीटरच्या फोटोच्या चौकटीत नुसता काळा डाग असल्याचे दिसले. मीटर बोळातल्या भिंतीवर आहे. त्या बोळाला दारच नाही, मग कुलूप कुठून आले कोण जाणे. दरमहा ७० युनिटांची ही सरासरी बिले त्यांनी मुदतीत भरली. सहाव्या महिन्यात प्रत्यक्ष रीडिंग झाले आणि ५६० युनिटांचे ८,२४० रुपयांचे बिल आले. सहा महिन्यांचा वापर एकाच महिन्याचा धरल्यामुळे त्यांना थेट ५०० युनिटांच्या वरच्या टप्प्यापर्यंतचे चढे दर लागले आहेत. खरे तर ५६० भागिले सहा म्हणजे दरमहा साधारण ९३ युनिट होतात, म्हणजे पहिल्या १०० युनिटांच्या टप्प्यातच. शिवाय आधी भरलेल्या ३५० युनिटांचे पैसेही वजा केलेले नाहीत.

कार्यालयात ‘आधी निम्मे तरी भरा, मग दुरुस्तीचे बघू’ असे उत्तर मिळाले. मावशी आता गॅस सिलिंडर पुढे ढकलून ते पैसे इकडे वळवण्याच्या विचारात आहेत. उज्ज्वलाचे ३०० रुपये अनुदान खात्यात मागाहून येते. सिलिंडर दारात आला की पूर्ण किंमत आधी मोजावीच लागते.

तोडणी थांबवण्यासाठी कायद्याने कमीत कमी किती रक्कम भरावी लागते? जोडणी त्यांच्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे, तर अर्जावर मावशींची सही चालेल का? नोटीस म्हणून जो संदेश आला, तोही सासऱ्यांच्या जुन्या मोबाइलवर आला होता.

प्रतिसाद:

निम्मे भरण्याची गरज नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६(१) मधील परंतुकानुसार (कलमाला जोडलेल्या अपवादानुसार), ग्राहकाने हरकत नोंदवून मागणीची पूर्ण रक्कम किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने येणारी रक्कम, या दोहोंतील जी कमी असेल ती जमा केली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. मावशींच्या बाबतीत ही रक्कम एका महिन्याच्या नेहमीच्या बिलाएवढीच होईल. खिडकीवरच्या माणसाला हे कलम बहुधा ठाऊक नसते, म्हणून तिथे वाद न घालता उपविभागाच्या अभियंत्यांकडे लेखी अर्ज द्यावा, त्यात ‘हरकत कायम ठेवून भरणा’ असे स्पष्ट लिहावे आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नये.

सहीची काळजी नको. कलम २(१५) मधील ‘ग्राहक’ या व्याख्येत, ज्याच्या जागेला सध्या वीजजोडणी आहे ती व्यक्तीही येते. नाव बदलण्याचा अर्ज मात्र सवडीने करून टाकावा.

तोडणीपूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते, हे अर्जात अवश्य लिहा. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका, कारण नवी नोटीस काढायला कार्यालयाला एक दिवस पुरतो. तुमचा खरा मुद्दा आहे तो भागिले सहाचा. तो हिशेब आणि पाचही ‘लॉक्ड’ बिलांच्या झेरॉक्स अर्जाला जोडा. अभियंत्यांनी टाळाटाळ केली, तर वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे तक्रार करून तोडणीला अंतरिम स्थगिती मागा. मंचाचा निर्णय पटला नाही, तर पुढे विद्युत लोकपाल आहेत.

धागाकर्ती:

मनापासून आभार. मावशींना फोन करून सिलिंडर आजच नोंदवायला सांगितले आहे. उद्या सकाळी कार्यालय उघडताच आम्ही दोघी अर्जाच्या दोन प्रती घेऊन जात आहोत, आणि मीटरचा व त्या बिनदाराच्या बोळाचा फोटोही सोबत जोडणार आहोत. रक्कम स्वीकारायला नकार दिला, तर तो लेखी कसा मागावा, हे कोणी अनुभवातून सांगू शकेल का?