तुमच्या गावची नदी कशी होती, कशी झाली?

घाटपायरी: माळा आवरताना आजीची तांब्याची कळशी सापडली. तळाशी क्षाराचा थर अजून तसाच. आम्ही आळंदीचे. मी शाळेत होते तोवर घरात इंद्रायणीचंच पाणी. आजी पहाटे कळशी भरायची, पदर दुहेरी करून गाळायची, बस्स. पायरीवर बसलं की मासोळ्या पायाला चिमटे काढायच्या. यंदा कार्तिकीला लेकीला घेऊन गेले. बंधाऱ्याखाली पांढरा फेस, वाऱ्याने पुंजके घाटावर येत होते. एक वारकरी आजी हाताने फेस बाजूला सारून ओंजळ भरत होत्या. तीर्थ म्हणून तोंडाला लावलं त्यांनी. मला बघवेना. लेक विचारते, इथे कुणी कपडे धुतलेत का? तुमच्याकडचंही लिहा.

पंचगंगाकाठ: इचलकरंजी. २०१२ ची कावीळ. आमच्या घरात तिघं पाठोपाठ पिवळी पडली. तेव्हापासून आई न उकळलेल्या पाण्याने भांडंसुद्धा विसळत नाही. आणि उन्हाळ्यात मासे तरंगायला लागले की लोक पोती भरून नेतात, नका हो खाऊ ते. पाण्यातला प्राणवायू संपून मेलेले असतात.

रानवाट: @घाटपायरी लेकीचं बरोबर आहे. मैलापाण्यातला साबण, डिटर्जंट, कारखान्यांचं सांडपाणी, सगळं बंधाऱ्यावरून पडताना घुसळलं जातं, तोच फेस. त्यातल्या फॉस्फेटवर जलपर्णी पोसते. आपल्या मोरीतलं पाणी कुठे जातं ते आपण कुणी बघितलंय?

सुगरण७: कळशी चिंच-मीठ लावून घासू नका हं, थर जाईल

घाटपायरी: नाही घासणार. आजीच्या हातचं तेवढंच उरलंय.

परदेशी_पाखरू: मी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, ऱ्हाईन नदीच्या काठी. १९८६ च्या नोव्हेंबरात इथे रसायनांच्या गोदामाला आग लागली, ती विझवायला मारलेलं पाणी रसायनांसकट नदीत गेलं, नदी लाल झाली. ईल मासे ढिगाने मेले. आज त्याच नदीत, ऑफिस सुटलं की लोक कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत भरतात, पिशवी कवटाळून प्रवाहाबरोबर घराकडे पोहत जातात. पहिल्यांदा उतरले तेव्हा वाईचा घाट आठवला. कृष्णेत पोहायला शिकले मी, बाबांनी पाठीला कोरडा भोपळा बांधला होता. रडू आलं हो. इथे नदी सुधारते तर आपल्याकडे का नाही?

गोदाकाठ: नाशकात पात्राच्या तळाला काँक्रीट घातलं आणि खालचे झरे दबले. मग रामकुंडात पाणी हवं तर धरणातून सोडा.

दगडीचाळ: @परदेशी_पाखरू वाईच्या? कुठली आळी? माझं आजोळ गंगापुरी

परदेशी_पाखरू: मधली आळी! कृष्णाबाईच्या उत्सवाला येता का अजून?

दगडीचाळ: आई येते दरवर्षी. मागच्या खेपेला पाय धुतले नाहीत म्हणाली, लांबूनच नमस्कार केला.

परदेशी_पाखरू: अरेरे.

मुठाई: मुठेचं लिहायचंय खूप, पण नळाला पाणी आलंय. भरून येते.