मदत हवी आहे: 'हाउस ऑफ द ड्रॅगन'मध्ये गादीचा खरा हक्क कुणाचा?

नमस्कार मंडळी,

'हाउस ऑफ द ड्रॅगन' या मालिकेचे पहिले दोन सीझन मी आणि माझ्या सासूबाईंनी मिळून पाहिले. आता पहिल्यापासून परत बघायला घेतलेत आणि एका मुद्द्यावर आमचं घोडं अडलंय. व्हिसेरीस राजानंतर लोखंडी सिंहासनावर हक्क कुणाचा होता, थोरल्या मुलीचा, रेनीराचा, की दुसऱ्या बायकोपासूनच्या मुलाचा, एगॉनचा? आपल्याला कोण आवडतं ते बाजूला ठेवून, मालिकेतल्या वेस्टेरॉस राज्याच्या रीतीप्रमाणे आणि तिथल्या दाखल्यांप्रमाणे कुणाची बाजू धडधडीत खरी ठरते, ते हवंय. मालिका ज्यावर बेतली आहे ते पुस्तक वाचलेल्यांनी कृपया मदत करा.

स्पॉयलरची सूचना: खाली दुसऱ्या सीझनच्या शेवटापर्यंतच्या गोष्टी आहेत. त्यापुढचं पुस्तकातलं मात्र कुणी लिहू नका ही विनंती. आईंना (सासूबाईंना) पुढे कोण जगतं, कोण मरतं ते आधी कळायला नको आहे.

माझी बाजू अशी. पहिल्याच भागात एमा राणी बाळंतपणात जाते, तान्हा बेलॉनही त्याच दिवशी जातो आणि व्हिसेरीस धाकट्या भावाला, डीमनला, बाजूला सारून मुलीला वारस ठरवतो. भर दरबारात स्टार्क, बॅराथियन, हायटॉवर, व्हेलॅरियन अशा मोठमोठ्या घराण्यांचे प्रमुख गुडघा टेकून शपथ घेतात. पुढे ॲलिसेंटशी लग्न होतं, मुलगे होतात, सासरा ऑटो सतत कानाशी लागलेला असतो, तरी हा माणूस शब्द फिरवत नाही. आठव्या भागातला तो प्रसंग आठवा. अर्धा चेहरा खंगून गेलेला, त्यावर सोन्याचा मुखवटा, हातात काठी. एकेक पायरी चढत तो सिंहासनाकडे निघतो. वाटेत मुकुट खाली पडतो, डीमन तो उचलतो, भावाला हाताला धरून वर नेतो आणि मुकुट डोक्यावर ठेवतो. हे सगळं कशासाठी, तर ड्रिफ्टमार्कच्या (व्हेलॅरियन घराण्याच्या बेटाच्या) वारशाच्या सुनावणीत रेनीराच्या मुलाची बाजू घ्यायला. राजाची इच्छा याहून स्पष्ट कशी असेल?

आणि नवव्या भागात, राजाचं प्रेत अजून महालातच असताना, 'आपण शपथ घेतली आहे' असं मसलतीत म्हणणारा म्हातारा बीसबरी पहिला मरतो. ॲलिसेंटच्या बाजूचा सरदार क्रिस्टन कोल त्याला खाली दाबतो आणि त्याचं डोकं समोरच्या दगडी गोळ्यावर आपटतं. मला तर तिथेच निकाल लागल्यासारखा वाटतो. तुमची बाजू खरी असेल तर आठवण करून देणाऱ्याला मारावं का लागतं?

आता आईंची बाजू. त्यांनी आयुष्यभर सातारा-कोल्हापूरच्या गाद्यांचा इतिहास वाचलाय, त्यामुळे वारसाहक्काच्या भांडणात त्यांना मुद्दे सुचवावे लागत नाहीत. त्या म्हणाल्या, "शपथ घेतली तेव्हा राजाला मुलगा होता का? नव्हता. मग मुलगा झाल्यावर सगळ्या सरदारांना परत बोलावून 'मुलगा झाला तरी माझी लेकच वारस' असं पुन्हा वदवून घेतलं का? नाही ना? मग ते म्हणणारच, की ती शपथ तेवढ्या वेळेपुरती होती."

पडद्यावर तरी अशी दुसरी शपथ दिसत नाही. एगॉनच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या शिकारीत अख्खा दरबार धरून चालतो, की आता राजा मुलाचं नाव जाहीर करणार. राजा ते करत नाही, पण सगळ्यांसमोर त्यांना खोडूनही काढत नाही. रेनीराला एकटीला बाजूला घेऊन धीर देतो.

त्यांचा दुसरा मुद्दा याहून भारी आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. मालिका सुरू होते तीच हॅरेनहॉलच्या महापरिषदेपासून. म्हाताऱ्या जेहेरीस राजाच्या वंशात वयाने मोठी होती रेनीस, तरी गादी दिली व्हिसेरीसला, कारण तो पुरुष. आई म्हणतात, "बाई नको म्हणून जो स्वतः राजा झाला, त्याने मुलीला गादी द्यायची म्हणजे स्वतःच्या पायाखालची फळी काढायची." यावर काय बोलणार?

माझा दुसरा प्रश्न ॲलिसेंटचा आहे, आणि खरं सांगायचं तर हाच मला जास्त छळतो. मरणाच्या रात्री व्हिसेरीस अफूच्या गुंगीत आहे. आदल्याच रात्री रेनीराने त्याला घराण्याच्या पहिल्या राजाच्या, एगॉन विजेत्याच्या, स्वप्नाबद्दल विचारलेलं असतं. उशाशी बसलेल्या ॲलिसेंटला रेनीरा समजून तो त्याचंच उत्तर देतो: एगॉन, वचन दिलेला राजकुमार, उत्तरेकडून येणारं संकट. तिला या स्वप्नाची काहीच कल्पना नाही. ती ऐकते ते फक्त स्वतःच्या मुलाचं नाव. आईंच्या मते तिने सोयीचं तेवढं ऐकलं. मला तसं वाटत नाही. दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागात रेनीरा जोगिणीच्या वेशात राजधानीत शिरते, मेणबत्त्यांच्या ओळीसमोर दोघी दबक्या आवाजात बोलतात आणि हा दुसराच एगॉन होता हे कळतं तेव्हा ॲलिसेंटचा चेहरा बघा. ढोंगी बाईचा तो चेहरा नाही. पण कळूनही ती मागे फिरत नाही, 'आता उशीर झाला' म्हणते. पुस्तकात हा प्रसंग कसा आहे?

आणि एक अगदी व्यवहारातली मदत. पुढच्या आठवड्यापासून आईंच्या भजनी मंडळातल्या दोन मैत्रिणी आमच्याकडे बघायला येणार आहेत. एगॉन, एमंड, एमा, रेनीरा, रेनीस, रेना, लेना, लेनॉर. एगॉन तर तिघं: विजेता, ॲलिसेंटचा मुलगा आणि रेनीराला डीमनपासून झालेला धाकटा. त्यात मध्येच दहा वर्षांची उडी, दोन्ही नायिकांच्या नट्या बदलतात. भिंतीवर लावायला मराठीत एक वंशावळ करायची आहे. ती कुठून सुरू करावी आणि कुणाला गाळावं?

---

प्रतिसाद १

वंशावळ जेहेरीसपासून सुरू करा, त्याच्या मागे जाऊ नका. त्याच्या दोन मुलांच्याच शाखा दाखवा. थोरला एमन, त्याची मुलगी रेनीस. धाकटा बेलॉन, त्याचे मुलगे व्हिसेरीस आणि डीमन. (एमाच्या तान्ह्या मुलाला या आजोबांचंच नाव दिलं होतं, तेव्हा तिथे गोंधळ नको.) एवढं कागदावर आलं की रेनीसवरचा अन्याय आपोआप दिसतो: ती थोरल्या शाखेची होती.

रेनीसचं लग्न कॉर्लिस व्हेलॅरियनशी, मुलं लेना आणि लेनॉर. लेनॉर हा रेनीराचा पहिला नवरा, लेना ही डीमनची आधीची बायको. लेनाच्या मुली बेला आणि रेना. व्हिसेरीसच्या खाली दोन रकाने करा, एमापासून रेनीरा आणि ॲलिसेंटपासून एगॉन, हेलेना, एमंड. दोन रंग वापरा, रेनीराच्या बाजूला काळा आणि ॲलिसेंट-एगॉनच्या बाजूला हिरवा. पाचव्या भागात ॲलिसेंट हिरवा पोशाख घालून मेजवानीत येते तो रंग उगाच नाही. हायटॉवर घराणं युद्धाची हाक देतं तेव्हा त्यांच्या मनोऱ्यावर हिरवी ज्योत पेटते. आजींना रंग पटकन लक्षात राहील.

प्रत्येकाच्या नावाशेजारी त्याचा ड्रॅगन लिहा. एमंडपुढे व्हेगार, रेनीसपुढे मेलीस, एगॉनपुढे सनफायर. माझ्या घरी लोक चेहऱ्यांच्या आधी ड्रॅगन ओळखायला लागले.

---

प्रतिसाद २

पुस्तक वाचलंय, पुढचं काही फोडत नाही. जॉर्ज मार्टिन यांचं 'फायर अँड ब्लड' २०१८ साली आलं. ते कादंबरीसारखं नाही, त्या कथेतल्याच एका विद्वानाने नंतर लिहिलेला इतिहास आहे, आणि त्याची साधनं एकमेकांशी भांडतात. एक धर्मगुरू हिरव्यांकडे झुकलेला, तर मशरूम नावाचा दरबारी विदूषक चावट अफवा रंगवून सांगणारा. म्हणून 'पुस्तकात खरं काय आहे' याला पुष्कळदा एकच उत्तर नसतं.

ॲलिसेंटचं मात्र ठाम सांगता येतं. पुस्तकात ती रेनीराहून बरीच मोठी आहे, बालमैत्रीण नाही. मरणशय्येवरचा गैरसमज मालिकावाल्यांनी घातलाय आणि माझ्या मते ती त्यांची सगळ्यात चांगली भर आहे. तुमचं आणि तुमच्या आईंचं भांडण एका गोष्टीने मिटावं. नवव्या भागात ॲलिसेंट मसलतीत येऊन सांगते, की राजाने शेवटी एगॉनचं नाव घेतलं. आणि तिच्या लक्षात येतं, की ऑटो आणि बाकीच्यांनी एगॉनला बसवायची तयारी कधीच करून ठेवली आहे, तिला न विचारता. ती काहीही ऐकून आली असती तरी राज्याभिषेक होणारच होता. तिचं ऐकणं त्यांच्या कामाला आलं, इतकंच.

---

प्रतिसाद ३

हक्काच्या प्रश्नासाठी वेस्टेरॉस थोडं बाजूला ठेवा आणि बाराव्या शतकातलं इंग्लंड बघा. मार्टिन यांनी या युद्धाची प्रेरणा तिथूनच घेतली आहे. पहिल्या हेन्री राजाचा एकुलता एक औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून गेला. उरली मुलगी मटिल्डा. हेन्रीने ११२७ मध्ये सरदारांकडून तिच्या नावाची शपथ घेतली. शपथ घेणाऱ्यांत त्याचा भाचा स्टीफनही होता.

आता तुमच्या आईंच्या मुद्द्याकडे येतो. हेन्रीने ११३१ मध्ये ती शपथ पुन्हा घ्यायला लावली! म्हणजे त्या म्हणतात तेच व्हिसेरीसने करायला हवं होतं ते या राजाने केलं. उपयोग? १ डिसेंबर ११३५ ला हेन्री वारला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला स्टीफनच्या डोक्यावर मुकुट होता. मटिल्डा समुद्रापलीकडे, दिवस गेलेले. स्टीफनने चपळाईने खाडी ओलांडून लंडन गाठलं, आणि विंचेस्टरचा बिशप असलेला त्याचा भाऊ त्याच्या पाठीशी होता, म्हणून राजाचा खजिनाही हाती आला. रेनीराही अशीच दूर ड्रॅगनस्टोन बेटावर, तीही गरोदर, आणि राजधानी सहा वर्षं ॲलिसेंट-ऑटोच्या हातात.

आणखी एक. ह्यू बिगॉड नावाच्या सरदाराने शपथेवर सांगितलं, की मरताना राजाने मन बदललं आणि मुलीला वारसा नाकारला. मरणशय्येवरचा शब्द, साक्षीदार सोयीचा. ओळखीचं वाटतंय ना?

माझं मत विचाराल तर हक्क रेनीराचाच. महापरिषद जेहेरीसने बोलावली, निवाड्याला बळ मिळालं ते राजाने तो मानला म्हणून. मग एका राजाने मानलेला दाखला दुसरा राजा मोडू शकतो. पण व्हिसेरीसने तो मोडला फक्त शब्दाने. राजधानी, खजिना, पहारा, मसलत यांतलं काहीही त्याने मुलीच्या हाती दिलं नाही. लेक हवी होती तर तिला ड्रॅगनस्टोनवर न ठेवता शेजारी बसवायला हवं होतं.

---

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. वंशावळीचा कच्चा आराखडा झालाय, काळ्या आणि हिरव्या स्केचपेनने.

महापरिषदेच्या निवाड्याबद्दलचं उत्तर मला पटलं. आईंना अर्धंच पटलंय. त्या म्हणतात, दाखला मोडता येतो हे मान्य, पण मग रेनीराच्या मुलांचं काय? जॅकेरीस, ल्युसेरीस, जॉफ्री तिघेही तपकिरी केसांचे, लेनॉरचे नव्हे तर हार्विन स्ट्राँगचे, हे अख्ख्या दरबाराला दिसतंय. दुसऱ्या सीझनमध्ये रेनीरा ड्रॅगनवर बसायला टारगेरियन (राजघराण्याच्या) रक्ताची अनौरस माणसं शोधते, ह्यू आणि उल्फसारखी, तेव्हा जॅकेरीस आईवर चिडतो. ड्रॅगनवर बसणं हाच तर त्याच्या राजरक्ताचा एकमेव पुरावा होता, आणि आता तो लोहारालाही मिळाला. आईंच्या मते त्या एका संवादात रेनीराच्या बाजूची सगळ्यात मोठी भेग दिसते, आणि यात मी त्यांच्या बाजूने आहे. पुस्तकात या मुलांच्या जन्माबद्दल वेगवेगळी साधनं काय म्हणतात, तेवढं पुढचं न फोडता कुणी सांगू शकेल का?

बिगॉडची गोष्ट आईंना वाचून दाखवली. त्यांनी लगेच विचारलं, की त्या शपथेबद्दल स्टीफनने त्याला पुढे काय दिलं. प्रतिसाद ३ वाले, तेवढं जरूर लिहा.