छापील पेपर सहज वाचून होतो, मग वेबसाइटवर डोळे का थकतात?

वाचनवेडी:
छापील पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला तरी मला काही होत नाही. त्याच पेपरची वेबसाइट मात्र थोड्याच वेळात नकोशी होते. अक्षर बारीक नाही, चष्म्याचा नंबरही नुकताच तपासलाय. वाचता वाचता मजकूर एकदम खाली सरकतो आणि आपण कुठे होतो तेच सापडत नाही. शिवाय एवढं वाचूनही आजची मोठी बातमी कोणती, ते सांगता येत नाही. हा सवयीचा भाग की मांडणीतच काही चुकतंय?

पान_एक:
मांडणीतच चुकतंय. मी उपसंपादक म्हणून बरीच वर्षं रात्रपाळीत पानं लावली आहेत, म्हणून हा विषय मनाला लागतो. बातमीला किती कॉलम द्यायचे, यावरून आमच्यात भांडणं व्हायची. आठ कॉलमांच्या पानावर पाच कॉलमी मथळा कुठला आणि एक कॉलमी कुठला, एवढं नुसतं पाहूनच वाचकाला आजचं महत्त्वाचं काय ते कळतं. घडीच्या वर घ्यायची, चौकटीत टाकायची की तळाला ठळकपणे लावायची, म्हणजे अँकर करायची, हे सगळं कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. मोबाइलवर अर्थसंकल्प आणि नटीचं लग्न सारख्याच चौकोनांत, एकाखाली एक. मोठी बातमी तुम्हाला मोठी म्हणून कुणी दाखवलीच नाही, तर लक्षात कशी राहणार?

आणि अक्षर! लंडनच्या टाइम्सनं १९३२ साली टाइम्स न्यू रोमन खास आपल्या पेपरासाठी घडवून घेतलं. इतकी काळजी आपल्या साइटवाल्यांनी देवनागरीची घ्यावी. ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या मापानं ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

कोडकरी:
मजकूर सरकतो तो जाहिरातीमुळे. ती उशिरा येते आणि तिची जागा आधी राखलेली नसते, मग आली की सगळं खाली ढकलते. याला लेआउट शिफ्ट म्हणतात. गूगलच्या मोजमापात त्याचा गुणांक ०.१ च्या आत असला तर चांगला. उपाय अगदी साधा आहे, जाहिरातीच्या चौकटीची उंची आधीच ठरवून द्यायची. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरंही डोळ्यांना जड जातात. वेब सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी निदान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक, सांगितलाय. साइटवाले हे करेपर्यंत ब्राउझरचा रीडर मोड, म्हणजे जाहिराती काढून नुसता मजकूर दाखवणारी सोय, वापरा.

वाचनवेडी:
रीडर मोड लावला, डोळ्यांना खरंच आराम पडला. पण मोठी बातमी कोणती, हे त्यात तरी कुठे कळतं? ई-पेपर घेऊ का?

पान_एक:
मोबाइलवर नको. ते पान मोठ्या कागदासाठी लावलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक ओळीला बोटांनी मोठं करत बसावं लागतं. टॅबलेट असेल तर जरूर घ्या. आधी अख्खं पान नजरेखालून घाला आणि मग बातमी उघडा. साइटवाल्यांनाही हे जमण्यासारखं आहे. पहिल्या पडद्यावर संपादकानं निवडलेली एकच बातमी मोठी घ्यायची, बाकीच्या तिच्याखाली लहान. त्यासाठी रोज कुणीतरी बसून निवड करायला हवी, आणि नेमकं तेच काम बऱ्याच ठिकाणी यंत्रावर सोडून दिलंय.