मदत हवी आहे: हे सातभाई नेमके कोणते?

खारघरच्या टेकडीवर पायवाटेलगतच्या झुडपांत सातभाई पक्ष्यांचा थवा असतो. जंगल बॅबलर की लार्ज ग्रे बॅबलर (दोन्ही सातभाईंच्याच जाती), ठरत नाहीये. डोळे दोघांचेही पिवळट, कलकलाट तर विचारूच नका. उडताना शेपटीच्या कडेची पिसं पांढरी वाटली, म्हणजे लार्ज ग्रे. पण भर उन्हात काहीही पांढरं दिसतं! शिवाय चोच चांगली पिवळी, ती जंगल बॅबलरची खूण. आपल्या सह्याद्रीकडच्या जंगल बॅबलरची शेपटी तांबूस असते, पंखांची टोकं गडद. फोटोत नेमकी शेपटीच फांदीआड गेलीय. बसलेल्या पक्ष्याच्या राखाडी कपाळावरून लार्ज ग्रे खात्रीने ओळखता येतो का? आणि खारघर-बेलापूर पट्ट्यात तो कुणी पाहिलाय का?