जतला टँकर आणि इथिओपियाला ६४ कोटी डॉलर?

जतकर:
नमस्कार मंडळी. परवा पावण्यांच्यात सुपारीच्या बैठकीत वाद झाला. आमच्या जतच्या पूर्व भागात उन्हाळा आला की टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायचं, आणि आपल्या सरकारनं इथिओपियाला साखर कारखान्यांसाठी ६४ कोटी डॉलर दिले, हे मला पटत नाही. पावणे म्हणाले, ते कर्ज आहे. मग त्याला मदत का म्हणतात? कुणी जवळनं बघितलंय का?

वाळव्याचा पॅनमन:
जतकर दादा, मी बघितलंय. वाळवा तालुक्यातल्या साखर कारखान्यावर अठरा हंगाम पॅनवर, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा तयार करायच्या भांड्यावर काढले आणि मग इथिओपियात वोंजीला गेलो. अदामा शहराजवळ, अवाश नदीच्या काठी. तिथला मूळ कारखाना डचांनी १९५४ साली सुरू केलेला. वोंजी, फिंचा आणि तेंदाहो, या तिन्ही कारखान्यांसाठी आपल्या सरकारी एक्झिम बँकेचं, म्हणजे आयात-निर्यात बँकेचं ते कर्ज.

पैसा अदिस अबाबाच्या तिजोरीत जात नाही. बँक भारतातल्याच ठेकेदाराला बिलाप्रमाणे पैसे देते, बहुतेक माल भारतातूनच घ्यायचा, आणि फेड त्यांच्या सरकारनं करायची. व्याज बाजारापेक्षा कमी असतं, तो फरक आपलं सरकार सोसतं. मदत म्हणायची ती एवढीच. जतला पाणी यायचं ते म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनेतनं. ते या कर्जापायी अडलेलं नाही.

माझ्या पाळीत तिथला विशीतला एक पोरगा होता. त्याची भाषा मला येईना, माझी त्याला. मी पॅनमधनं नमुना काढायचो, काचेवर पसरायचो, दिव्यासमोर धरून दाणा दाखवायचो. मोठ्या दाण्यांत मधेच बारीक भुकटी उठलेली दिसली की थोडं पाणी द्यायचं, ती विरघळेपर्यंत थांबायचं. रोज हेच. तिसऱ्या महिन्यात एका रात्री त्यानंच काच माझ्यासमोर धरली, आणि मी तोंड उघडायच्या आत पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवला. माझे डोळे भरून आले होते.

तेंदाहोचं मात्र मला आजही टोचतं. वर्षानुवर्षं रखडलं ते काम. कालवा, ऊस आणि कारखाना एकदमच तयार व्हायला पाहिजेत. आपल्याकडं तोड महिनाभर लांबली तरी शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तिथल्या माणसांनी किती वाट बघायची?

कराडची वैशाली:
काका, वाचताना गहिवरून आलं. पण घेणाऱ्याची बाजूही बघा. अशा कर्जात साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. स्वस्त आणि चांगलं दुसरीकडं मिळत असेल तर त्यांनी काय करायचं? आणि कर्ज ते कर्जच. डिसेंबर २०२३ मध्ये इथिओपियानं युरोबाँडच्या, म्हणजे परदेशी बाजारात रोखे विकून घेतलेल्या कर्जाच्या, व्याजाचा हप्तासुद्धा भरला नाही. चीननं १९७० ते १९७५ या काळात टांझानिया-झांबिया रेल्वे बांधली, सुमारे १८६० किलोमीटर, तीही कर्जावरच. पण ते कर्ज बिनव्याजी होतं.

मला आपली आयटेक योजना जास्त पटते. १९६४ पासून चालू आहे. परदेशातले अधिकारी, तंत्रज्ञ इथं येऊन शिकतात. विमानभाडं, राहणं, शिकवणं, सगळा खर्च भारताचा. फेडायचं काही नाही. काकांनी काच धरून जे केलं, ते त्याच जातीचं काम.

जतकर:
ताई, काका, आभार. पैसा इथल्याच ठेकेदाराला मिळतो हे माहीत नव्हतं, पावण्यांची माफी मागतो. पण काका, व्याजाचा फरक तर आपल्याच करातनं जातो ना? मग तेंदाहो रखडलं तेव्हा ठेकेदाराला जाब कोण विचारतं, आपण की ते?

वाळव्याचा पॅनमन:
दोघांनीही विचारायला पाहिजे, दादा. साइटवर आम्ही आमच्या साहेबाला विचारलं होतं. तो म्हणाला, तुम्ही पॅन बघा.