वागळे इस्टेटमधील आमच्या कार्यालयात कर्णबधिर सहकारी रुजू होत आहे. तयारी कोठून सुरू करावी?

कोपरीकर:

नमस्कार. वागळे इस्टेटमधील एका लहान अभियांत्रिकी कंपनीत मी कार्यालयीन व्यवस्थापन पाहतो. आम्ही सगळे मिळून 42 जण आहोत. खाली गाळ्यात यंत्रे आहेत आणि पोटमाळ्यावर कार्यालय आहे. पुढच्या महिन्यात आमच्या ड्रॉइंग विभागात एक कर्णबधिर तरुण रुजू होत आहे. निवडचाचणीसाठी दिलेल्या ड्रॉइंगमध्ये दोन मापे एकमेकांशी जुळत नव्हती. ती चूक आमच्या अभियंत्यांच्याही नजरेतून सुटली होती, पण त्याने ती लाल वर्तुळ करून दाखवली. त्यामुळे त्याच्या कामाविषयी आम्हाला शंका नाही. शंका आहे ती आमच्या तयारीविषयी.

याच सुमारास आमचे हिशेबनीसही कामावर परत येणार आहेत. ते 14 वर्षे आमच्याकडे आहेत. मधुमेहामुळे दिवाळीनंतर त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सध्या ते कुबड्यांवर चालतात आणि कृत्रिम पायाचे माप देऊन झाले आहे. पोटमाळ्याला 17 पायऱ्या आहेत. मालकांची खर्च करण्याची तयारी आहे. दाराशी रॅम्प बांधला की काम झाले, असे त्यांना मनापासून वाटते.

मला मात्र तसे वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी अल्पदृष्टी असलेली एक मुलगी आमच्याकडे पाच महिने काम करून सोडून गेली. तिला रोज बारीक अक्षरांतील छापील तक्ते दिले जात होते. तेच तक्ते संगणकावर मोठे करून तिला सहज वाचता आले असते, हे ती गेल्यावर माझ्या लक्षात आले. मी तिला एकदाही विचारले नव्हते. या वेळी तसे होऊ नये, म्हणून अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. कायद्याने आमच्यावर काय बंधनकारक आहे, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

पारसिक:

कोपरीकर, मी चाकाची खुर्ची वापरतो आणि नऊ वर्षांपासून ऐरोलीतील एका कार्यालयात नोकरी करतो. रॅम्पचे आधी सांगतो. उताराचे प्रमाण 1:12 हवे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. दाराशी 15 सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या असतील, तर रॅम्प 3.6 मीटर लांब होईल, आणि खुर्ची वळवता यावी म्हणून वर आणि खाली सुमारे दीड मीटरची सपाट जागा वेगळी लागेल. जुन्या गाळ्यांपुढे इतकी जागा बहुधा नसते. मग गवंडी मावेल तेवढ्या जागेत उभा चढ करून देतो. माझ्या पहिल्या नोकरीच्या ठिकाणी असाच रॅम्प होता. सकाळी सुरक्षारक्षक मला मागून ढकलत वर नेत असत आणि संध्याकाळी धरून खाली उतरवत असत. ते गृहस्थ अतिशय भले होते, पण ते जेवायला गेले की मला इमारतीबाहेर पडता येत नसे.

परंतु आपल्या हिशेबनिसांना रॅम्प हवा आहे का, हे त्यांना विचारले आहे का? कुबड्यांवर चालणाऱ्या अनेकांना लांब उतारापेक्षा दोन्ही बाजूंना भक्कम कठडा असलेल्या उथळ पायऱ्या सोप्या जातात. उद्या कोणी चाकाची खुर्ची घेऊन आले, तर रॅम्प लागणारच, म्हणून तो जरूर बांधा. पण तो बांधल्याने त्यांचा प्रश्न सुटला असे समजू नका. त्यांचा प्रश्न त्या 17 पायऱ्यांचा आहे. त्यांचे टेबल खाली आणावे लागेल, आणि येथे एक विनंती आहे: एकट्याचे टेबल खाली आणू नका. हिशेबाचा सगळा विभागच खाली येऊ द्या. नाहीतर सहकारी वर, फायली वर, चहा वर, आणि ज्यांनी 14 वर्षे जमाखर्च सांभाळला ते यंत्रांशेजारी एकटे, असे होईल.

स्वच्छतागृहाचे दार निदान 900 मिलिमीटर रुंद असावे आणि ते बाहेर उघडावे. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. भांड्याच्या बाजूला धरायला दांडी हवी, आणि ती मनुष्याचा भार पेलेल अशी भिंतीत पक्की बसवलेली हवी. ही जागा नंतर झाडू-बादल्या ठेवण्याची खोली होणार नाही, याकडे मात्र आपल्यालाच लक्ष द्यावे लागेल. मी अशी कुलूपबंद स्वच्छतागृहे अनेक पाहिली आहेत.

पावसाळा तोंडावर आहे. कुबडीच्या टोकाचे रबर ओल्या, गुळगुळीत फरशीवर कसे सटकते, याची दोन पायांवर चालणाऱ्याला कल्पना येत नाही. दारातील सुटे पायपुसणे काढून टाका, आणि फरशी पुसण्याचे काम कर्मचारी येण्याच्या तासभर आधी उरकून घ्या. या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. शक्य असेल तर त्यांची येण्याची वेळ तासभर पुढे ढकला. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा असतो हे खरे, पण सकाळी नऊ वाजता ठाणे स्थानकाच्या पुलावरून त्या डब्यापर्यंत पोहोचणे हेच कुबड्या घेतलेल्या माणसासाठी दिवसाचे सर्वांत अवघड काम असते.

खारफुटी:

मी जन्मतः कर्णबधिर आहे आणि वाशीतील एका कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते.

आपल्या नव्या सहकाऱ्याला रुजू होण्यापूर्वीच लिहून विचारा की, त्याला संवाद कोणत्या मार्गाने सोयीचा वाटतो. आम्ही सगळे एकसारखे नसतो. कोणी श्रवणयंत्र वापरतात, कोणाला कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेले ऐकण्याचे यंत्र) असते, कोणी ओठ वाचतात, तर कोणाची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. ही भाषा म्हणजे हातांनी बोललेली मराठी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. त्यामुळे काहींना लिखित मराठी ही शिकून घेतलेली दुसरी भाषा असते, आणि लांबलचक कार्यालयीन पत्रापेक्षा छोटी, थेट वाक्ये त्यांना अधिक उपयोगी पडतात. यावरून कोणी त्यांच्या बुद्धीचा अंदाज बांधू नये.

ओठवाचनावर फार विसंबू नका. पान, बाण आणि मान हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता उच्चारून पाहा. ओठांवर ते जवळजवळ एकच दिसतात. संदर्भावरून अंदाज करत आठ तास ओठ वाचणे किती थकवणारे असते, हे त्यावरून कळेल. माप, तारीख, रक्कम या गोष्टी नेहमी लिहूनच द्याव्यात.

बैठकीचे विषय आदल्या दिवशी पाठवा. एका वेळी एकानेच बोलावे आणि बोलण्यापूर्वी हात वर करावा, म्हणजे कोणाकडे पाहायचे ते कळते. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळोखात जातो, म्हणून बसण्याची जागा ठरवताना प्रकाशाचा विचार करा. एकाने मुद्दे पडद्यावर टाइप करत राहावे. माझ्या कार्यालयात हे सुरू होण्यापूर्वी मी ‘नंतर सांगतो’ हे दोन शब्द हजारदा पाहिले असतील. सगळे हसत असत, वाद घालत असत, आणि मला नंतर सांगितले जाई की काही विशेष नव्हते. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मला सर्वांत जास्त एकटे कशाने वाटले असेल, तर या वाक्याने.

पहिल्या दिवसाचा परिचय, सुरक्षेचे प्रशिक्षण आणि वर्षअखेरचे मूल्यमापन या प्रसंगी, त्याला हवा असल्यास, दुभाषी जरूर बोलवा. वांद्रे येथील, वाचा आणि श्रवण दिव्यांगत्वावर काम करणाऱ्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत चौकशी करता येईल. भारतीय सांकेतिक भाषेचा चित्रफितींचा शब्दकोश 2018 मध्ये 3,000 शब्दांनिशी निघाला आणि 2021 पर्यंत तो 10,000 शब्दांवर गेला. तो विनामूल्य पाहता येतो. ड्रॉइंग विभागातील चार-पाच जणांनी रोज पाच शब्द शिकले, तरी महिन्याभरात चहाच्या वेळी बोलण्याइतकी ओळख होते, आणि नोकरीत माणूस रुळतो तो चहाच्या वेळीच.

घोडबंदर:

माझाही छोटा कारखाना आहे आणि शंका प्रामाणिक आहे. ड्रॉइंग विभागातील माणसाला मोजमापासाठी यंत्रांपाशी उतरावे लागते. फोर्कलिफ्टचा भोंगा किंवा आगीची घंटा त्याला ऐकू येणार नाही. अपघात झाला तर त्याची जबाबदारी कोणाची?

खारफुटी:

घोडबंदर, शंका योग्य आहे, पण ती फक्त त्याच्यापुरती नाही. यंत्रांपाशी आपले कामगार कानात इअरप्लग घालत असतील, तर भोंगा त्यांनाही पुरेसा ऐकू येत नाही. फोर्कलिफ्टवर फिरता दिवा, वळणावर बहिर्गोल आरसा, जमिनीवर रंगवलेली पायवाट आणि आगीच्या घंटेबरोबर लुकलुकणारा दिवा, या व्यवस्थेने सगळेच सुरक्षित होतात. दिवा स्वच्छतागृहातही लावावा, कारण तेथे माणूस एकटा असतो.

नौपाडा:

मी कामगारविषयक प्रकरणांत वकिली करते. कायद्याच्या बाजूने सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि त्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वे मोजली आहेत. कलम 21 नुसार समान संधी धोरण जाहीर करणे खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. आपल्याकडे 20 हून अधिक कर्मचारी असल्याने, 2017 च्या नियमांप्रमाणे त्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, पुरवायच्या सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक या बाबी याव्या लागतात. धोरण संकेतस्थळावर किंवा दर्शनी जागी लावायचे असते आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते. आपल्या राज्यात हे कार्यालय पुण्यात आहे.

एक गैरसमज वारंवार आढळतो. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही, हे कलम 20 मधील स्पष्ट संरक्षण सरकारी आस्थापनांसाठी आहे. 4 टक्के आरक्षणही तसेच. आपल्या हिशेबनिसांना ते कलम थेट लागू होणार नाही. म्हणूनच आपल्या धोरणात हे आश्वासन स्वतःहून लिहावे, असा माझा आग्रह आहे. आज मालक चांगले आहेत. ते नसताना कागद कामाला येतो.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 40 टक्क्यांहून कमी नोंद असलेल्या माणसाला सोय नाकारू नका. 2021 च्या विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, व्यक्तीच्या गरजेनुसार करायचा वाजवी बदल हा केवळ त्या टक्केवारीत बसणाऱ्यांपुरता मर्यादित ठेवता येत नाही. 2024 च्या राजीव रतूडी निकालात न्यायालयाने आणखी एक भेद मांडला आहे: सुगम्यता ही कोणी मागण्याआधीच सर्वांसाठी करून ठेवायची असते, आणि वाजवी बदल हा त्या एका व्यक्तीला विचारून करायचा असतो. रॅम्प आणि लुकलुकणारा दिवा पहिल्या प्रकारात येतात; येण्याची वेळ, दुभाषी, टेबलाची जागा दुसऱ्या प्रकारात. आपल्याला दोन्ही करावे लागेल.

कोपरीकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोघांनाही विचारले. हिशेबनिसांना खाली बसायचे आहे, पण यंत्रांच्या आवाजात बेरजा चुकतील ही त्यांची काळजी आहे. त्यामुळे काचेची आडभिंत घालून तिघांचा विभाग खाली आणत आहोत. कुबड्या ठेवण्यासाठी टेबलाला खाच असावी, हे त्यांनी स्वतः सुचवले. कुबड्या भिंतीला टेकवल्या की घसरून पडतात आणि मग वाकून उचलता येत नाहीत, हे मला माहीत नव्हते.

नव्या सहकाऱ्याचे उत्तर चार ओळींचे आहे. त्याची पहिली भाषा सांकेतिक आहे, पहिल्या दोन दिवसांसाठी दुभाषी हवा आहे, आणि ड्रॉइंगमधील बदल फोनवरून तोंडी न सांगता लिहून द्यावेत. हे वाचून विभागातील बाकीचे म्हणाले की, ही मागणी ते कित्येक वर्षे करत आहेत. तो नियम सर्वांसाठी आजपासून लागू केला.

आधी काम केलेल्या त्या मुलीलाही काल पत्र पाठवले आहे. धोरण लिहिण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकायचे आहे.

पारसिक, स्वच्छतागृहाचे दार मोजले. ते 680 मिलिमीटर भरले आणि शेजारची भिंत भार पेलणारी निघाली. दुसऱ्या बाजूने दार काढता येईल, पण मग ते थेट वाटेवर उघडेल. अशा ठिकाणी सरकते दार कोणी बसवले आहे का, आणि एका हातात कुबडी असताना ते ओढता येते का?